दर चौथीला तेच फुगे : किनाऱ्यावरच्या जुन्या गाडीचा गंज परत का येतो

तक्रार अशी आहे. एप्रिलात पत्रा घासायचा, लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरायची, रंग मारून गाडी नवी करायची. जून-जुलै सुखाने जातात. चौथीला, म्हणजे गणपतीत, मुंबईची मंडळी येतात आणि त्यातला एक जण नेमका दाराच्या खालच्या कडेवर बोट ठेवून विचारतो, "हे काय रे फुगलंय?" नखाने दाबलं की रंगाची पापडी सुटते, आत तपकिरी पाणी. दिवाळीपर्यंत त्याच जागी करंगळी जाईल एवढं भोक. पुढच्या एप्रिलात पुन्हा श्रीगणेशा.

माझ्याकडे हे सलग तीन वर्षं चाललं. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७८ची, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा व्हायच्या तीन वर्षं आधीची. वडिलांची. घर देवगड तालुक्यात, रात्री पडवीत झोपलं की लाटा ऐकू येतात इतक्या अंतरावर. "खाऱ्या वाऱ्यापुढे कोणाचं काय चालतंय" हे वाक्य इथे लहान मुलांनाही पाठ असतं आणि मीही तेच म्हणत राहिलो. गंज खाऱ्या वाऱ्याने येतो हे खरंच. पण काढलेला गंज त्याच जागी, जवळपास त्याच आकारात, पाच महिन्यांत परत येत होता. हा वाऱ्याचा दोष नव्हता. मीठ मीच रंगाखाली कोंडत होतो, आणि त्यातलं बरंचसं तर मीच आणून लावत होतो.

चकचकीत पत्रा फसवतो

ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून पाच मिनिटं फिरवला की पत्रा आरशासारखा दिसतो आणि आपण खूश होतो. गंजाने पत्र्यात पाडलेले खड्डे मात्र सुईच्या टोकाएवढे असतात. ब्रश त्यांच्या तोंडावरून फिरतो, कधीकधी वरचा धातू पसरवून त्यांची तोंडंच बंद करतो. तळाशी क्लोराइड, म्हणजे मिठाचा गंज घडवणारा भाग, जसाच्या तसा राहतो. हा क्लोराइड गंज करताना खर्ची पडत नाही. लोखंडाशी जोडला जातो, पाण्याने सुटतो, पुढच्या लोखंडाला धरतो. चिमूटभर असला तरी वर्षानुवर्षं पुरतो.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते ३३ टक्क्यांपासूनच पाणी ओढतं. हिवाळ्यातल्या मोजक्या कोरड्या दुपारी सोडल्या तर आपल्याकडची हवा त्याच्या खाली जात नाही. म्हणजे खड्ड्यातलं मीठ जवळजवळ बारा महिने ओलं. त्यावर रंग मारला तरी रंगातून बाष्प हळूहळू आत जातं, कारण कुठलाही रंग पूर्ण जलरोधक नसतो. आतलं मीठ ते पाणी धरून ठेवतं आणि रंग फुगतो. चौथीचा फुगा तो हाच. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा लागते, त्यामुळे एकदा सुरू झाला की तो रंगाला आतून पाचर मारल्यासारखा उचलतो.

आमच्याकडच्या म्हाताऱ्या डेंटरमामांनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतं. "गंज काढलंस, पण मीठ काढलंस काय?" मी हसून विषय बदलला. तीन वर्षांची मजुरी त्या हसण्यात गेली.

मीठ येतं कुठून

ज्या ज्या वाटेने आलं त्या सांगतो, कारण यातली एक तरी तुमच्याकडे असणारच.

पहिलं म्हणजे बाथरूमचं ॲसिड. पहिल्या वर्षी एका गॅरेजवाल्याने सडलेल्या जागी तेच ओतलं. गंज क्षणात फसफसून गेला, पत्रा राखाडी झाला, मीही चाट पडलो. पण ते हायड्रोक्लोरिक ॲसिड, म्हणजे क्लोराइडच. धुतलं तरी सांध्यांत आणि घड्यांत ते उरतं. गंज काढायला आपण गंजाचं बियाणंच पेरतो. गाडीच्या पत्र्यावर हे नको म्हणजे नको.

दुसरं आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस. शेजारच्या काकूंनी सांगितलं, तांब्याचा हंडा आगळाने कसा लख्ख होतो, मग पत्रा का नाही होणार? आंबटपणाने गंज सुटतो हे बरोबरच आहे, पण आगळात भरपूर मीठ असतं. सोलकढीसाठीच ठेवा. चिंचेचा कोळ वापरायचा तर बिनमिठाचा हवा, आणि बाजारातली बरीचशी चिंच मीठ लावूनच साठवलेली असते.

तिसरं वाळू. सँडब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने वाळूचा मारा, करून देतो म्हणणाऱ्या एकाकडे बॉनेट नेला, तर त्याच्या दारात समुद्राच्या पुळणीवरची वाळू ओतलेली दिसली. मी बॉनेट परत टेम्पोत टाकला. खारट वाळू पत्र्यात मीठ ठोकून बसवते, हा एक भाग. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, हा त्याहून गंभीर. आणि पातळ पत्र्याचा मोठा सपाट भाग जास्त दाबाने फवारला तर लाटांसारखा वाकडा होतो. चाकाच्या रिमसारख्या जाड भागांना ब्लास्टिंग ठीक, तेही ब्लास्टिंगसाठी मिळणाऱ्या स्वच्छ ग्रिटने.

चौथी वाट सर्वांत लाजिरवाणी. दुसऱ्या वर्षी मी ठरवून मीठ धुतलं. ब्रश मार, पाणी ओत, परत ब्रश, परत पाणी. तरीही चौथीला फुगे हजर. आमची वहिनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिने एकच प्रश्न विचारला.

"भावोजी, पाणी कुठलं वापरलंत?"

विहिरीचं. आमची विहीर खाडीच्या अंगाला आहे, आणि मार्च सरला की पाणी मचूळ होतं. चहा फाटत नाही म्हणून आम्हाला चालतं. वहिनीने सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण आणलं. पाण्यात क्लोराइड असेल तर त्याने ते पांढरं होतं. तीन काचेच्या नळ्यांत तीन पाणी घेतलं : विहिरीचं, नळाचं आणि पेट्रोलपंपावर मिळणारं बॅटरीचं, म्हणजे क्षार काढलेलं. प्रत्येकात नायट्रिक ॲसिडचा थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचा. बॅटरीचं पाणी स्वच्छ राहिलं. नळाचं किंचित धुरकट झालं. विहिरीचं ताकासारखं पांढरं. म्हणजे एप्रिलात, विहीर सर्वांत खारट असताना, मी तेच पाणी बादल्या बादल्या ओतून पत्रा "स्वच्छ" केला होता. (ही परीक्षा जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. नायट्रिक ॲसिड पोळतं आणि सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग बोटांवर कित्येक दिवस राहतात.)

पाचवी वाट आपला घाम. तयार पत्र्यावर उघड्या हाताने थोपटलं की पंजाचा ठसा उमटतो आणि पावसाळ्यात तो तसाच वर येतो. हातमोजे घाला.

आधी कुठे बघायचं

छतावर, बॉनेटच्या वरच्या बाजूला, जिथे पाऊस थेट पडतो तिथे गंज कमी असतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस त्या भागांना फुकट धुऊन काढतो. खरी सडते ती आडोशाची जागा, जिथे वारा मीठ आणतो पण पाऊस पोचत नाही : चाकांच्या वरच्या मडगार्डचा आतला भाग, दारांची खालची घडी, दाराखालच्या पोकळ पेट्या, डिकीत स्टेपनीखालचा खळगा, बॅटरीचा ट्रे, पुढच्या काचेच्या रबराखालची कड. याच कारणाने प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळलेली गाडी उघड्यावरच्या गाडीपेक्षा लवकर सडते. आत ओलावा कोंडतो आणि मीठ धुऊन जात नाही.

मडगार्डच्या आत आपली तांबडी माती थापलेली असते. जांभ्याचा लाल रंग हा लोखंडाच्या ऑक्साइडचाच, म्हणजे आपण अक्षरशः गंजलेल्या डोंगरावर राहतो, याची मला गंमत वाटते. पण गाडीला त्रास त्या रंगाचा नाही. माती ओल धरते, मीठ धरते आणि पत्र्याला चिकटून राहते. आधी ती खरवडून काढा.

पद्मिनीसारख्या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळे दाराखालच्या पेट्या सडणं ही नुसती दिसण्याची गोष्ट नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या टोकाने ठोकत जा. टणटण वाजलं तर ठीक, भदभद वाजलं तर तिथे घासकाम करू नका. तो पत्रा कापून नवा जोडायचा. सडक्या पत्र्यावरून नवा पत्रा मारून देणारे पुष्कळ भेटतील. स्वस्त पडतं, पण दोन पत्र्यांच्या फटीत मिठाचं पाणी कायमचं बसतं. मी २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटरचा पत्रा घेतला, सडका भाग निरोगी धातू लागेपर्यंत कापला आणि कडेला कड भिडवून मिग वेल्डिंग करून घेतलं. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवायची आणि पेट्रोलच्या टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवायचीच.

मीठ काढायची पद्धत

तिसऱ्या वर्षानंतर जे केलं ते असं. वेळ दिवाळीनंतरची निवडली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. एप्रिल-मे सुट्टीला सोयीचा, कामाला वाईट.

जुना रंग ओला करूनच घासायचा. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, ती कोरडी धूळ नाकात जायला नको. आधी थिनरने ग्रीस, डांबर पुसून घ्यायचं, नाहीतर सँडपेपर घाण पसरवत जातो. मग ८० नंबरच्या पेपरने सुरुवात, पुढे १२०, शेवटी २२०. तारेचा ब्रश फक्त सैल पापुद्रे काढण्यापुरता. खड्डे दिसतात तिथे टोकदार सळईने टोकरून त्यांची तोंडं मोकळी करायची.

आता मुद्द्याचं काम. गरम पाणी नळाचं घ्या, विहिरीचं नको. नायलॉनच्या ब्रशने घासून धुवा, मग जुनं सुती धोतर ओलं करून पत्र्यावर चिकटवा आणि तासभर ठेवा. ओलं कापड खड्ड्यांतलं मीठ बाहेर ओढतं. कापड काढून बॅटरीच्या पाण्याने विसळा आणि गाडी रात्रभर आडोशाला तशीच उघडी ठेवा. हो, उघडी. सकाळी पत्र्यावर नारिंगी ठिपके उठलेले दिसतील. ते बघून हताश होऊ नका, मीठ कुठे उरलंय त्याचा तो नकाशा आहे. सगळीकडे सारखी फिकट झाक आली तर ती साध्या ओलाव्याची. पण वेगळे, गडद, ओलसर ठिपके म्हणजे खड्ड्यातलं मीठ. त्या ठिपक्यांवर परत टोकरा, परत गरम पाणी, परत कापड. माझ्या डाव्या मडगार्डला चार फेऱ्या लागल्या, उजव्याला दोन. डावी बाजू शेडमध्ये समुद्राकडे असते.

शेवटच्या फेरीनंतर बॅटरीच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा पत्र्यावर फिरवून पिळला आणि त्याची वहिनीकडे परीक्षा केली. स्वच्छ निघालं तेव्हाच पुढे गेलो. ही परीक्षा नसली तरी चालेल, सकाळचे ठिपके पुरेसं सांगतात.

समुद्रातून काढलेल्या लोखंडी तोफा संवर्धक मंडळी अल्कधर्मी पाण्यात महिनोन् महिने बुडवून ठेवतात, ते याच मिठासाठी. तेवढा धीर गाडीच्या बाबतीत कोणाला नसतो, पण सुट्या भागांना तेच तत्त्व घरच्या घरी लावता येतं. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची ऋण तार गंजक्या भागाला, धन तार साध्या लोखंडाच्या पट्टीला. १२ व्होल्टला रात्रभरात गंज काळा गाळ होऊन सुटतो आणि क्लोराइड भागापासून दूर, पट्टीकडे ओढला जातो. पट्टी स्टेनलेस स्टीलची घेऊ नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून हे काम अंगणात, विडीकाडी लांब ठेवून. चार्जर बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही. ॲल्युमिनियमचे भाग यात विरघळतात. स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट हायड्रोजनमुळे ठिसूळ होतात, त्यांना यात टाकू नका, ॲसिडमध्येही नको.

बिजागऱ्या, बंपरच्या पट्ट्या वगैरे किरकोळ मालाला काकवी छान काम करते. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, आठ ते पंधरा दिवस. चांगलं लोखंड फारसं खात नाही, फक्त गंज सोडवते. मात्र आंबल्यावर वास असा सुटतो की आईने डबा माडाच्या मुळाशी नेऊन ठेवला, आणि मुंग्यांनी तिथे जत्रा भरवली. घाई असेल तर सायट्रिक ॲसिड, लिटरला ५० ते १०० ग्रॅम, काही तासांत काम होतं. नंतर सोड्याच्या पाण्यात बुडवून, बॅटरीच्या पाण्याने विसळून लगेच वाळवायचं.

बंपर

क्रोमच्या बंपरवरचे तपकिरी ठिपके चुरगळलेल्या ॲल्युमिनियमच्या फॉइलने, पाणी लावून, हलक्या हाताने घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे उठत नाहीत. पण क्रोमखालच्या निकेलला भोक पडून पोलादापर्यंत गंज गेला असेल तर हा नुसता मेकअप. मग सगळं उतरवून परत प्लेटिंग. मी कोल्हापूरला नेऊन दिला, घाटाचा खर्च धरून जेवढे पैसे गेले तेवढ्यात बैल आला असता.

प्रायमर आणि रंग

पत्रा वाळवायला हीट गन किंवा केसांचा ड्रायर, विशेषतः घड्यांत. मग थांबायचं नाही, त्याच दिवशी प्रायमर. सकाळी दहा ते दुपारी तीन हीच वेळ. नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सियसने जास्त हवं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. यंत्र नसेल तर ओल्या फडक्याचा एक फराटा पत्र्यावर मारा. पंधरा मिनिटांत वाळला तर रंग मारा, नाही वाळला तर फडकं घेऊन घरी जा.

साधा रेड ऑक्साइड मी आता वापरत नाही. खिडकीच्या गजांना चालतो, पण एकटा राहिला तर पाणी आत सोडतो, आणि आमच्याकडे तो मारून गाडी आठ दिवस दारात उभी ठेवायची पद्धत आहे. त्याऐवजी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, दोन हात. दुसरा हात किती तासांत मारायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. फॉस्फोरिक ॲसिडचा गंजरोधक आधी लावला असेल तर नीट धुऊन काढल्याशिवाय त्यावर इपॉक्सी नको, पकड बसत नाही. गंज काळा करणारा रस्ट कन्व्हर्टर मी फक्त जिथे हात पोचत नाही अशा कोपऱ्यांत वापरतो, उघड्या पत्र्यावर नाही.

लांबी कधीही उघड्या पत्र्यावर नको, इपॉक्सीवरच. ती पाणी शोषते. ओल्या पेपरने घासली तर पूर्ण सुकू द्या आणि वरून परत प्रायमर मारा. माझ्या पहिल्या दोन वर्षांच्या फुग्यांतले निम्मे लांबीखालचे होते.

वरचा रंग दोन भागांचा पीयू (पॉलीयुरेथेन) मारणार असाल तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एकदा दमा लागला की आयुष्यभर सुटत नाही. योग्य मास्क नसेल तर तेवढं काम बूथ असलेल्या पेंटरकडून करून घ्या.

पोकळ जागा

बाहेरून कितीही केलं तरी दाराखालच्या पेट्या आतून सडतात. आधी पाणी निघायची भोकं बघा. माझी सगळी डांबराने बुजवलेली होती, कोणीतरी कधीतरी "अंडरकोटिंग" केलं होतं. माडाच्या हिराने ती मोकळी केली, हीर वाकतो पण रंग ओरबाडत नाही. आत नळीने गोडं पाणी सोडलं, ते बाहेर पडायला लागलं तेव्हा सुरुवातीला चहासारखं होतं. निवळ येईपर्यंत सोडत राहिलो. चार दिवस उन्हात वाळवून मग लांब नळीच्या फवाऱ्याने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं मेण. जळकं ऑइल मारायची जुनी पद्धत आहे, गंज थोडा थांबतोही, पण रबरी बुश फुगतात, पुढे कधी रंग चिकटत नाही आणि ठिबकून विहिरीकडे जातं.

बंदरावर एकाने सल्ला दिला की ट्रॉलरला लावतात तसा जस्ताचा तुकडा गाडीला लाव. ट्रॉलरवर तो चालतो कारण जस्त आणि लोखंड दोन्ही एकाच समुद्रात बुडालेले असतात. रस्त्यावरच्या गाडीभोवती समुद्र नसतो, त्यामुळे तो तुकडा फक्त स्वतःच्या शेजारचं बोटभर लोखंड वाचवतो.

पावसाळ्यात दर रविवारी मडगार्डच्या आत आणि खालून नळाच्या पाण्याचा फवारा मारतो, आडोशाच्या जागांना पाऊस पोचत नाही म्हणून. कव्हर सुती.

या पद्धतीनंतर दोन पावसाळे झाले. मडगार्ड, डिकी, पेट्या साफ आहेत. डाव्या मागच्या दाराच्या खालच्या घडीत मात्र या चौथीला मुगाएवढा एक फुगा आला. ती घडी मी उघडली नव्हती, बाहेरूनच धुतली होती. दिवाळीनंतर ती चिमट्याने उलगडायची आहे, बॅटरीचं पाणी आणून ठेवलंय.